हलक्या हाताचं विज्ञान

देव्हाऱ्यातला कापूर न जाळताही डबीत हळूहळू लहान होत जातो. पातेल्यातलं पाणी उकळून त्याची वाफ होते. पाल छताला उलटी चिकटून आरामात चालते. या तीन गोष्टींत साम्य काय, असं कुणी विचारलं तर चटकन उत्तर सुचणार नाही. साम्य असं, की तिन्ही ठिकाणी खेळ चालतो तो रेणूच्या आतल्या बंधांचा नव्हे, तर रेणूरेणूंमधल्या ओढीचा. कापूर उडून गेला तरी कापराचा प्रत्येक रेणू शाबूत असतो. पाणी उकळलं तरी त्यातल्या ऑक्सिजनची हायड्रोजनशी जमलेली जोडी मोडत नाही. मोडते ती फक्त शेजाऱ्याची शेजाऱ्याशी असलेली ओढ.

शाळेत आपण रेणूच्या आतले मजबूत बंध पुष्कळ शिकतो. या बाहेरच्या, कमकुवत बंधांच्या वाट्याला पुस्तकातला एखादा परिच्छेद येतो. पण डीएनएच्या दोन पट्ट्या एकमेकींना धरून राहतात त्या याच बंधांमुळे. प्रथिनाची लांबलचक माळ घडी घालून आपला आकार घेते ती यांच्यामुळे. औषधाचा रेणू शरीरातल्या नेमक्या जागी जाऊन बसतो आणि काम झालं की सुटतो, तोही बऱ्याचदा यांच्यामुळेच. हे बंध मजबूत असते तर जीवसृष्टीत काही हललंच नसतं आणि मुळीच नसते तर काही जमलंच नसतं.

मला आज सांगायची आहे ती या बंधांच्या मोजमापाची गोष्ट. मजबूत वस्तू मोजणं सोपं असतं; ती हाताळता येते. पण जी वस्तू हात लावताच तुटते, ती मोजायची कशी? खोलीच्या तापमानाला वायूतल्या रेणूंची जी धक्काबुक्की चालू असते, तिच्यातच असे जोड तुटून जातात. त्यातून एखादा वाचला आणि तो तोलायला घेतला, तर तोलण्याच्या त्या वेळच्या पद्धतीत त्याच्यावर वेगवान इलेक्ट्रॉन आदळावे लागत. म्हणजे अंडं फुटतं का, हे पाहण्यासाठी हातोडी वापरण्यासारखंच. हातोडीऐवजी हलका हात सापडायला शंभर वर्षं लागली.

गोष्टीची सुरुवात हॉलंडमधल्या एका शाळामास्तरापासून होते. योहान्नेस व्हान डर वाल्स हा लायडन गावातल्या सुताराचा मुलगा, जन्म १८३७ चा. लॅटिन आणि ग्रीक न शिकल्यामुळे विद्यापीठाच्या परीक्षांचं दार त्याला बंद होतं. नियम सैल झाल्यावर नोकरी सांभाळून त्याने अभ्यास पुरा केला आणि १८७३ साली, पस्तिशीत, प्रबंध सादर केला. विषय होता वायू आणि द्रव यांच्यातलं सातत्य. वायूचे रेणू म्हणजे नुसते बिंदू नाहीत, त्यांना आकारमान आहे, आणि ते एकमेकांना थोडंसं ओढतात, एवढ्या दोन गोष्टी धरल्या की वायूचा द्रव का होतो हे सुटतं, असं त्याने दाखवलं. अणू खरोखर असतात की नाही, याबद्दल मोठमोठे शास्त्रज्ञ साशंक होते तो हा काळ. प्रबंध डच भाषेत होता, आणि तो वाचण्यासाठी लोक डच शिकू लागले आहेत, अशी दाद खुद्द मॅक्सवेलने दिली. पुढे १० जुलै १९०८ रोजी लायडनमध्येच कामर्लिंग ओनेसने हेलियमचा द्रव केला, तेव्हा वाट दाखवायला व्हान डर वाल्सचेच नियम होते. १९१० साली त्याला नोबेल मिळालं. या ओढीला आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

ओढ आहे हे कळलं. पण का आहे, हे कळायला १९३० साल उजाडलं. हेलियमच्या अणूवर ना धन भार, ना ऋण. तो स्वभावाने अलिप्त. मग असे दोन अणू एकमेकांकडे ओढले कसे जातात? बर्लिनमधल्या फ्रिट्झ लंडनने नव्या पुंजयामिकीच्या आधारे उत्तर दिलं. अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन कधी स्वस्थ नसतात. एखाद्या क्षणी ते एका बाजूला जरा जास्त असतात. त्या क्षणापुरती एक बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन होते. शेजारच्या अणूतले इलेक्ट्रॉन त्याला प्रतिसाद देतात आणि दोघांत हलकी ओढ निर्माण होते. अंतर दुप्पट झालं की या ओढीची ऊर्जा चौसष्टाव्या हिश्श्यावर येते. म्हणजे अगदी जवळ आल्याशिवाय तिचा पत्ता लागत नाही. तीन वर्षांनी नाझी राजवट आली आणि ज्यू असल्यामुळे लंडनला जर्मनी सोडावी लागली.

त्याच १९३० साली ग्योटिंगेनमध्ये मारिया गेपर्ट ही तरुणी मॅक्स बॉर्नच्या हाताखाली प्रबंध लिहीत होती. तिचा प्रश्न वेगळाच होता. अणू एका वेळी प्रकाशाचा एक कण, म्हणजे एक फोटॉन शोषतो, हे माहीत होतं. तो एका दमात दोन फोटॉन शोषू शकेल का? गणिताने उत्तर आलं : हो, शकेल. पण त्यासाठी प्रकाश इतका प्रखर हवा, की तेव्हाच्या कुठल्याही दिव्याला तो जमण्यासारखा नव्हता. १९३१ साली प्रबंध प्रसिद्ध झाला आणि फडताळात गेला. मारिया लग्न करून अमेरिकेला गेली. नवरा ज्या विद्यापीठात प्राध्यापक, तिथे बायकोला पगारी जागा नाही, या रिवाजामुळे तिने अनेक वर्षं विनावेतन किंवा नाममात्र पदावर संशोधन केलं. विद्यापीठातलं पूर्ण पगाराचं प्राध्यापकपद तिला मिळालं ते १९६० साली, कॅलिफोर्नियात. अणुगर्भाच्या रचनेबद्दल १९६३ चं नोबेल तिला मिळालं, तेव्हा सॅन दिएगोच्या वर्तमानपत्राने मथळ्यात ‘गावातल्या आईला नोबेल’ अशा अर्थाचे शब्द छापले होते.

योगायोग असा, की १९६० मध्येच मेमनने माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर पेटवला. पुढच्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत कैझर आणि गॅरेट यांनी लेसरचा झोत एका स्फटिकावर टाकून दोन फोटॉन एकदम शोषले जातात हे दाखवलं. तीस वर्षं फडताळात पडलेलं गणित बरोबर निघालं.

पण प्रखर प्रकाश मिळाला म्हणून काम भागत नव्हतं. आधी ते नाजूक जोड तयार व्हायला हवे होते, आणि त्यासाठी हवी होती थंडी. नेहमीच्या पद्धतीने वायू थंड केला तर तो गोठतो किंवा भांड्याच्या भिंतीला जाऊन चिकटतो. इथे मदत आली विमानविद्येकडून. आर्थर कँट्रोविट्झ हा वेगवान हवेच्या झोतांचा अभ्यासक. त्याने आणि जेरी ग्रे याने १९५१ साली सुचवलं, की दाबाखालचा वायू बारीक भोकातून निर्वात पोकळीत सोडला तर रेणूंचा दाट आणि अतिशय थंड झोत मिळेल.

सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्हपाशी बोट धरलं तर गार लागतं, हे आपण अनुभवलेलं असतं. मूळ गोष्ट तीच. तापमान म्हणजे रेणूंचा वेग नव्हे, तर त्यांच्या वेगांतली आपसातली तफावत. दादरच्या फलाटावर माणसं चारी दिशांनी एकमेकांना धक्के देत असतात. तोच जमाव जिन्याच्या तोंडातून बाहेर पडला, की सगळे एकाच दिशेने, जवळपास एकाच वेगाने चालू लागतात. चालणं थांबलेलं नसतं; पण शेजाऱ्याचा धक्का लागायचा थांबतो. भोकातून सुटलेले रेणू असेच आवाजापेक्षा वेगाने धावत असतात, पण एकमेकांच्या तुलनेत जवळजवळ स्तब्ध असतात. काही वातावरणांच्या दाबाखालचं हेलियम आणि त्यात चिमूटभर दुसरा पदार्थ मिसळून असा झोत सोडला, की त्या रेणूंचं गिरक्या घेणं शून्याखाली २७० अंश सेल्सियसच्या आसपास शोभावं इतकं मंदावतं. गोठून द्रव व्हायला त्यांना फुरसतच मिळत नाही. पण दोन-चार रेणूंना एकमेकांचा हात धरायला तेवढा वेळ पुरतो.

शिकागो विद्यापीठात रिचर्ड स्मॉली, लेनार्ड व्हॉर्टन आणि डोनाल्ड लेव्ही यांनी १९७४ मध्ये असा झोत आणि लेसर एकत्र आणले. नायट्रोजन डायऑक्साइड या तपकिरी वायूचा वर्णपट म्हणजे हजारो रेषांचं जंगल. थंड झोतात ते जंगल विरळ झालं आणि एकेक रेष वाचता येऊ लागली. दोन वर्षांत त्यांना त्याच झोतात आयोडिनच्या रेणूला चिकटलेला हेलियमचा अणूही सापडला. कुणाशीही न जमणारा हेलियम पकडीत आला होता. तिकडे हार्वर्डमध्ये विल्यम क्लेम्पेरर आणि सहकाऱ्यांनी अशाच झोतातले जोड विद्युत क्षेत्रातून वळवून पाहिले. बेंझिनचे दोन रेणू जोडीने असतात तेव्हा ते नाण्यांसारखे एकावर एक बसत नाहीत, तर इंग्रजी ‘टी’ या अक्षरासारखे, एक आडवा आणि दुसरा त्यावर उभा असे असावेत, हे १९७५ मध्ये त्यांनी सुचवलं.

आता शेवटची अडचण उरली, तोलण्याची. झोतात एकटे रेणू असतात, जोड्या असतात, तिघा-चौघांचे पुंजके असतात. कुठली रेष कुणाची? हे ठरवायचं तर वजन कळायला हवं. वजन करण्यासाठी रेणूतला एक इलेक्ट्रॉन काढून त्याला भारित करावं लागतं, म्हणजे त्याचा आयन करावा लागतो. हातोडीचा धोका नेमका इथेच होता.

लेसरने तो टाळला. १९७५ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात स्टोनी ब्रुक इथे फिलिप जॉन्सनने, आणि पुढच्या काही वर्षांत म्युनिकमध्ये एडवर्ड श्लागच्या व सोव्हिएत संघात लेतोखोवच्या गटांनी, लेसरने टप्प्याटप्प्याने आयन करण्याची पद्धत बसवली. मारियाच्या कल्पनेची ही चुलत बहीण म्हणता येईल. तिच्या गणितात दोन फोटॉन एकाच दमात शोषले जात होते. इथे जिन्याला मध्ये एक खराखुरा चौक असतो. पहिला फोटॉन रेणूला त्या चौकात नेतो, दुसरा तिथून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. पहिल्या फोटॉनचा रंग त्या रेणूच्या चौकाशी तंतोतंत जुळला नाही, तर काहीच घडत नाही. म्हणजे कुणाला उचलायचं, हे रंगावरून ठरवता येतं.

बेंझिनचं उदाहरण घेऊ. त्याचा इलेक्ट्रॉन काढायला ९.२४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. २५९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार प्रकाशाचा एक फोटॉन ४.७९ देतो. दोन मिळून ९.५८ च्या आसपास होतात. काम झालं, आणि वर फारसं काही उरलं नाही. पण बेंझिनच्या जोडीचा इलेक्ट्रॉन त्याहून कमी ऊर्जेत निघतो. उरलेली ऊर्जा जोडीतच राहते आणि ती जोड मोडायला पुरते. मोडलेल्या जोडीचा अर्धा भाग मग तराजूत एकट्या बेंझिनसारखा दिसतो आणि सगळा हिशोब चुकतो. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात गेलेल्या स्मॉलीच्या गटाने १९८१ मध्ये यावर उपाय केला. दोन वेगळ्या रंगांचे लेसर घ्यायचे. पहिला चौकात नेणारा, दुसरा इलेक्ट्रॉन जेमतेम बाहेर काढेल इतकाच. दुकानदाराला सुटे पैसे मोजून द्यावेत, तशी नेमकी ऊर्जा द्यायची. परत काही उरता कामा नये.

पुढचं तोलणं सोपं. दोन हजार व्होल्टने ढकललेला बेंझिनचा एक आयन मीटरभर नळी सुमारे १४ मायक्रोसेकंदांत पार करतो. दुप्पट वजनाच्या जोडीला साधारण २० लागतात. जो उशिरा पोहोचला तो जड. जोडीतली ओढ किती असते? बेंझिनमधला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला जी ऊर्जा लागते, तिच्या जेमतेम पन्नासाव्या-साठाव्या हिश्श्याएवढी. एवढीशी गोष्ट आता न मोडता तोलता येऊ लागली होती.

या यंत्राने एक गंमतही केली. सप्टेंबर १९८५ मध्ये इंग्लंडहून आलेला हॅरी क्रोटो, राइसचे रॉबर्ट कर्ल आणि स्मॉली यांनी त्यात ग्रॅफाइटची वाफ सोडली. तराजूवर ७२० या वजनाची रेष सर्वांहून उंच उभी राहिली. साठ कार्बन अणूंचा, फुटबॉलसारखा रेणू सापडला होता. पुंजके न मोडता तोलण्याच्या यंत्रात हा असा भक्कम रेणू मिळावा, आणि त्याला १९९६ चं नोबेल मिळावं, हे कुणी आधी आखलेलं नव्हतं.

त्यानंतर वजनाबरोबर आकारही वाचता येऊ लागला. युक्ती अशी : एका विशिष्ट आकाराच्या पुंजक्यालाच उचलणारा लेसर चालू ठेवायचा, म्हणजे आयनांची संख्या स्थिर राहते. त्याच्या क्षणभर आधी अवरक्त लेसर सोडायचा. त्याचा रंग पुंजक्याच्या एखाद्या कंपनाशी जुळला, की काही पुंजके जागा सोडतात आणि आयनांची संख्या घटते. कुठल्या रंगाला घट झाली ती यादी, म्हणजे त्या आकाराच्या बोटांचे ठसे. बर्कलीमध्ये १९८८ साली बेंझिनच्या जोडीवर ही युक्ती वापरली गेली. १९९२ नंतरच्या प्रयोगांतून बेंझिन आणि पाणी यांचं नातं उलगडलं. तेलकट बेंझिन आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे आपण जाणतो. पण एकास एक भेटले, तर पाण्याचा रेणू बेंझिनच्या चकतीवर बसतो आणि आपला हायड्रोजन खाली तिच्याकडे करतो.

मग पाळी आली जीवसृष्टीची. डीएनएमधले ग्वानिन आणि सायटोसिन तापवून वाफ करायला जावं तर ते करपतात. म्हणून त्यांना ग्रॅफाइटवर पसरून लेसरच्या क्षणिक टिचकीने उडवायचं आणि थंड झोतात ओढून घ्यायचं. २००० साली नीर, क्लाइनरमान्स आणि द फ्रीस यांनी डीएनएच्या कण्यावाचून, मोकळ्या अवकाशात ही जोडी जमलेली दाखवली. अशी जोडी अनेक प्रकारे बसू शकते. २००५ मध्ये त्याच संशोधनातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. इतर आकारांचे वर्णपट तीक्ष्ण रेषांचे होते. पण डीएनएमध्ये प्रत्यक्षात असतो त्या आकाराचा वर्णपट पसरट होता. याचा अर्थ, जंबुपार किरण शोषल्यावर तो आकार ती ऊर्जा अतिशय झटपट उष्णतेत उतरवून मोकळा होतो. नुकसान व्हायला वेळच देत नाही. आरंभीच्या पृथ्वीवर ओझोनचं छत्र नसताना कडक उन्हात टिकून राहायला हा गुण उपयोगी पडला असावा, असं संशोधकांनी सुचवलं.

या कामात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संजय वाटेगावकर आणि त्यांचे सहकारी थंड झोत व लेसर घेऊन गंधकाच्या मागे लागले. हायड्रोजन बंध म्हटलं की ऑक्सिजन आणि नायट्रोजन. गंधक त्यात कच्चा, असा समज होता. प्रथिनांमधल्या टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, मेथिओनिन यांच्या जागी त्यांच्यासारखेच लहान रेणू घेऊन या गटाने २००८-०९ च्या सुमारास जोड्या तपासल्या, तेव्हा गंधकाचे बंध समजले जात होते त्यापेक्षा बरेच बळकट निघाले. अशा पुराव्यांची सगळीकडून भर पडत गेली आणि हायड्रोजन बंधाची जुनी व्याख्या तोकडी पडू लागली. २०११ मध्ये रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने नवी व्याख्या स्वीकारली. ती तयार करणाऱ्या गटाचं नेतृत्व बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या ई. अरुणन यांनी केलं होतं.

आणि सर्वांत दुबळी जोडी कुठली? हेलियमच्या दोन अणूंची. ती अस्तित्वात असू शकते का, यावरच दीर्घकाळ वाद होता. १९९३ आणि १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात व जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये ती सापडली. तिच्यातल्या दोन अणूंमधलं सरासरी अंतर सुमारे ५ नॅनोमीटर, म्हणजे हायड्रोजनच्या रेणूतल्या अंतराच्या जवळजवळ सत्तरपट. २०१६ मध्ये फ्रँकफर्टच्या शास्त्रज्ञांनी हॅम्बर्गच्या मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरने या जोडीतल्या दोन्ही अणूंचा एकेक इलेक्ट्रॉन एकदम काढला. दोन धन भार एकमेकांपासून फेकले गेले, आणि त्यांच्या वेगांवरून ते आधी किती दूर होते हे कळलं. इथे मात्र जोडी मोडावीच लागली. पण मोडताना तिने आपलं अंतर सांगून टाकलं. तिला धरून ठेवणारी ऊर्जा निघाली अगदी एवढीशी : एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचे एक कोटी तुकडे केले तर त्यातला दीड तुकडा.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न रसायनशास्त्र शिकवताना मला नेहमी ऐकावा लागला. उपयोग आहे. औषधाचा रेणू प्रथिनात कसा बसेल, याचं गणित आज संगणकावर करतात. ते गणित बरोबर आहे का, हे तपासायला लागणारी एक कसोटी म्हणजे तीच बेंझिनची जोडी. पण हा हिशोब मागाहून जुळलेला आहे. व्हान डर वाल्सला वायूचा द्रव का होतो ते हवं होतं. कँट्रोविट्झला हवा होता दाट झोत. मारिया गेपर्टकडे तर फक्त कागद आणि पेन्सिल होती, आणि तिचं गणित खरं करू शकेल असा दिवाच जगात नव्हता. त्या वेळी त्यांना कुणी उपयोगाचा दाखला मागितला असता, तर तिघांपैकी एकालाही तो देता आला नसता. आपल्याकडे एखाद्या तरुणाचा संशोधनाचा प्रस्ताव समोर येतो आणि त्यात ‘अपेक्षित उपयोग’ असा रकाना असतो, तेव्हा तो रकाना वाचणाऱ्यांनी एवढं आठवावं, असं मला वाटतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)